दोन टी, मधे एक एफ

थेल्मा ब्रॅकनबरीच्या दुकानात माणसं चित्र घेऊन यायची आणि चित्राबद्दल चकार शब्द न काढता समासाबद्दल तासभर बोलायची. हॉर्नकासल गावात चौकटी करून देणारं तेवढं एकच दुकान, आणि आजूबाजूला पाच-पाच मैलांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले विमानतळ, आता बटाट्याची शेतं झालेले. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं विमानवाली. चित्रात ढग असोत, चंद्र असो, खाली पेटलेलं बंदर असो, त्यांची नजर थेट खालच्या पांढऱ्या पट्टीवर जायची. तिथे पेन्सिलीने आकडा, पाचशे प्रतींपैकी ही कितवी. तिथेच पेन्सिलीने सही, त्या लढाईत ते विमान खरोखर उडवलेल्या माणसाची, आणि सहीखाली त्याचा हुद्दा. सही पेन्सिलीनेच हवी. शाईची सही छापखान्यात हुबेहूब उठते, पेन्सिलीच्या शिशाची चमक कुठल्याच यंत्राला साधत नाही.

"एक वेळ चित्राला खरचटलं तरी चालेल," नॉर्मन स्लाइट पहिल्याच भेटीत तिला म्हणाला होता, "पण समास पुठ्ठ्याखाली केसभरही जाता कामा नये."

हा स्लाइट जमीनमोजणीतून निवृत्त झालेला, आणि तिथल्या विमानचित्र-मंडळाचा चिटणीस. सडपातळ, नीटनेटका, बायको गेल्यापासून जरा जास्तच नीटनेटका. मार्चमधल्या एका मंगळवारी तो चार गुंडाळ्या काखेत मारून आला आणि टोपी काढायच्या आधीच म्हणाला, "थेल्मा, दिवा लावा. आणि मनाची तयारी करा."

"एवढं काय झालंय? वाळवी लागली?"

"त्याहून वाईट."

त्याने चारही प्रती टेबलावर ओळीने मांडल्या. चारही एकाच चित्राच्या. 'एका पंख्यावर घरी' हे नाव. पहाटेची वेळ, चर्चचा मनोरा, आणि त्याच्यावरून खाली येणारं दोन इंजिनांचं मॉस्किटो विमान, त्यातलं एक इंजिन बंद पडलेलं. चित्र थेल्माला पाठ होतं. त्याचीच दोनशे सत्त्याऐंशी क्रमांकाची प्रत तिच्या डोक्यावर, गल्ल्याच्या वर, सात वर्षं टांगलेली होती. स्वतःसाठी तिने आजवर विकत घेतलेलं विमानाचं हे एकच चित्र. मॉस्किटो म्हणजे लाकडाचं विमान, आणि तिचे वडील सुतार. लढाईत त्यांनी विमानतळावर हीच विमानं दुरुस्त केली. भोकं बुजवायची, ठिगळं चिकटवायची. म्हातारपणी ते फार बोलत नसत, पण एक गोष्ट सांगायचे. कटफर्थ नावाचा वैमानिक शेपटीला बादलीएवढं भोक पाडून घेऊन परत आला, खाली उतरला, भोकात डोकं घालून बघितलं आणि म्हणाला, 'ब्रॅकनबरी, याला खिडकी बसव, हवा छान येते.' हे सांगताना वडिलांचा चेहरा खुलायचा. चित्राखाली त्या कटफर्थची सही होती. थेल्माने चित्र घेतलं ते त्या सहीसाठी.

"आता बघा," स्लाइटने भिंग काढलं. "कटफर्थ. या नावात दोन टी आणि मधे एक एफ. तिन्हींना आडवी रेघ लागते. ही माझी एकशे बारा नंबरची प्रत. तिन्ही अक्षरं त्याने एकाच रेघेत कापलीत. सर्रकन, तलवार फिरवावी तशी. ही माझीच दोनशे अडतीस. तीच एक रेघ. आता ही दोनशे एक्कावन्न."

थेल्मा वाकली. दोनशे एक्कावन्नवर तीन आखूड रेघा होत्या, प्रत्येक अक्षराला आपली आपली.

"तीनशे चारवरही तेच. मी अकरा सभासदांच्या प्रती बघून आलो. एका आकड्याच्या पुढे सगळ्यांवर तीन रेघा. माणूस नाक बदलेल, थेल्मा, पण सही बदलत नाही."

"म्हणजे खोट्या?"

"मी तो शब्द शनिवारी वापरणार आहे." त्याने आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला आणि परत ठेवला. "मंडळात वाचणार. कटफर्थचं नाव आपल्या खात्रीच्या सह्यांच्या यादीतून काढायचं आणि बाकीच्या मंडळांनाही कळवायचं. मला काय आनंद होतोय असं वाटतं? मी त्या माणसाशी हात मिळवलाय."

त्याचे कान लाल झाले होते. थेल्माच्या लक्षात आलं, की याला राग आलेला नाही. याला लागलंय.

"त्यांना विचारलंत का?"

"कोणाला?"

"कटफर्थना. आहेत ना अजून? टेटफर्डच्या पुढे राहतात."

"काय विचारू? अहो, सह्या तुम्हीच केल्यात ना, असं? असं कोणी तोंडावर विचारतं का?"

"आणि मंडळात पाठीमागे वाचून दाखवतं?"

स्लाइटने टोपी घातली. "शनिवारी दोन वाजता," तो म्हणाला. "तोपर्यंत तुम्ही विचारा, तुमचं धाडस असेल तर. प्रती इथेच ठेवतो. समासाला..."

"हात लावत नाही. जा."

तो गेल्यावर तिने गल्ल्यावरचं चित्र उतरवलं. पाठीमागचा चिकट कागद सोडवला, काच काढली, आणि दोनशे सत्त्याऐंशी टेबलावर ठेवून दिवा आडवा धरला. तीन रेघा होत्या. सात वर्षं डोक्यावर होत्या, आणि तिला दिसल्या नव्हत्या. वडिलांच्या गोष्टीतला माणूस म्हणून ती ज्याला रोज सकाळी दुकान उघडताना मान लववायची, तो कोणी भलताच होता. तिला हसू आलं, आणि मग आलं नाही.

पण आडव्या उजेडात आणखी काहीतरी दिसलं. सहीच्या अक्षरांवरून एक फिकट राखाडी छटा उजवीकडे ओढत गेली होती. पेन्सिलीची भुकटी, तळहाताच्या कडेने फरफटलेली. तिने स्लाइटच्या दोनशे एक्कावन्नवर दिवा धरला. तिथेही छटा. एकशे बारावर कागद लख्ख. तिने स्वतः पेन्सिल घेतली, रद्दी कागदावर नाव लिहिलं. कागद साफ राहिला. मग पेन्सिल डाव्या हातात घेतली, वेडंवाकडं लिहिलं, आणि हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून घासत पुढे गेला.

डावखुरं माणूस. नकला करून पैसे मिळवणारा चोर असता तर त्याने निदान हात स्वच्छ ठेवला असता. हे कोण होतं, ज्याला डाग पडल्याचीही फिकीर नव्हती? शनिवारपर्यंत थांबणं आता तिला शक्यच नव्हतं.

बुधवारी गावातली दुकानं दुपारनंतर बंद असतात. चित्र जुन्या ब्लँकेटात गुंडाळून गाडीत टाकलं आणि ती टेटफर्डला गेली. दार उघडलं ते उनाबाईंनी, कटफर्थच्या बायकोने. अठ्ठ्याहत्तरीच्या, उंच, पुरुषी कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, नखांत माती.

"बियाणं विकायला आलीस का गं पोरी? यंदा आमच्याकडे आहे."

खिडकीच्या फळीवर अंड्यांच्या पुठ्ठ्यांत बटाटे कोंब फुटायला उभे करून ठेवले होते, रांगेने, शाळेतल्या मुलांसारखे. त्याच खिडकीशी खुर्चीत ऑब्री कटफर्थ बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, विसरलेल्या हातमोज्यासारखा. डावा हात खुर्चीला जोडलेल्या लाकडी पाटावर.

"वाचा गेली त्याची," उनाबाई म्हणाल्या. "आठ वर्षं झाली. पण ऐकतो सगळं, आणि मत सगळ्यावर आहे. तिचं काय काम आहे ते विचारायचं का, ऑब्री?"

ऑब्रींनी पाटावर बोटाने एक टिचकी मारली.

"एक म्हणजे नाही, दोन म्हणजे हो," उनाबाई म्हणाल्या. "म्हणजे आधी चहा."

आठ वर्षं. चित्र निघालं तेही आठ वर्षांपूर्वी. थेल्माने मनात गाठ मारून ठेवली. चहा आला, मनुकांचा पाव आला, वर चीजचा जाड काप. उनाबाई चहा ओतत होत्या आणि थेल्मा किटलीच्या मुठीकडे बघत राहिली. किटली डाव्या हातात होती. साखर डाव्या हाताने. पाव कापायची सुरी डाव्या हातात.

काय बोलावं ते न सुचून तिने पियानोवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. विमानाच्या पंखाशी एक उंच मुलगी, गडद गणवेशात, डोळे उन्हाने बारीक केलेले. "या तुम्हीच ना? लढाईत होतात? टेलिफोनवर की कचेरीत?"

"टेलिफोनवर," उनाबाई ऑब्रींना म्हणाल्या. ऑब्रींचे खांदे हलले. ते हसत होते. "पन्नास वर्षं सगळे हेच विचारतात. आधी टेलिफोन, मग कचेरी. धोबीखान्यात होतात का, असंही एका पाद्र्याने विचारलं होतं. पोरी, ते विमान मी उडवत आणलं होतं."

"तुम्ही?"

"कारखान्यातून विमानतळावर. आम्ही पोचवायचो. रेडिओ नाही, बंदुकीत गोळी नाही, खालचे रेल्वेचे रूळ बघत जायचं. सकाळी एका जातीचं विमान, दुपारी दुसऱ्या जातीचं, जे कधी बघितलेलंही नाही. कोणतं कसं चालतं ते एका छोट्या वहीत लिहिलेलं असायचं, ती गुडघ्याला बांधायची. मॉस्किटो मी अकरा आणली. उतरलं की तिथल्या साहेबाने पावतीवर सही करायची, विमान मिळालं म्हणून. सगळी लढाई मी लोकांच्या सह्या गोळा करत होते. माझी कोणी मागितली नाही."

थेल्माने ब्लँकेट सोडलं आणि चित्र टेबलावर ठेवलं.

"मागितली नाही," ती हळूच म्हणाली, "पण तुम्ही दिलीत बहुतेक."

ऑब्रींची टिचकी आली नाही, एकही नाही आणि दोनही नाहीत.

उनाबाईंनी चष्मा लावला, आकडा वाचला. "दोनशे सत्त्याऐंशी. हो, हे माझं. कशावरून ओळखलंस?"

"रेघांवरून. आणि डागावरून."

"घराबाहेरच्या शाळेत गेले नाही, म्हणून डावरी राहिले. शाळेतल्या बाईंनी हात बांधून सरळ केलं असतं मला." त्या बसल्या. "पाचशे कागद आले होते, पेट्यांतून. रोज सकाळी न्याहारीनंतर तो वीस-वीस करायचा. मी नवा पुढे सरकवायची, सही झालेला काढायची. दोनशे एकेचाळिसावा मी ठेवला. त्याने सी काढला आणि पेन्सिल पडली. मला वाटलं, टोक मोडलं. मी दुसरी पेन्सिल शोधायला उठले, बघ. दुसरी पेन्सिल शोधत होते मी."

ऑब्रींचा डावा हात पाटावर सपाट पडून होता.

"तो इस्पितळातून आला तेव्हा पेट्या इथेच. प्रकाशकाचा फोन आला, शुक्रवारी गाडी येतेय. सांगायचं होतं खरं. पण याने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाटावर दोनदा टिचकी. त्याआधी सहा आठवडे त्याने कशालाच हो म्हटलं नव्हतं. जेवायलाही नाही. मग मी काय करायचं होतं? बसले. तो शेजारी बसला. सही बिघडली की टिचकी मारायचा. ती एका झटक्यातली रेघ मला जमेना. डाव्या हाताने ढकलावी लागते ना ती. टिचक्या मारून मारून बोट सुजलं त्याचं. पण जेवायला लागला."

थेल्माने कप बाजूला सरकवला. तिने वडिलांचं नाव सांगितलं. सुतार ब्रॅकनबरी, शेपटीचं भोक, खिडकी.

"मला नाही आठवत," उनाबाई म्हणाल्या. "मी फक्त पोचवायची. ऑब्री, तुला?"

ऑब्रींनी दोन टिचक्या मारल्या. मग त्यांची नजर किटलीकडे गेली आणि त्यांनी पुन्हा दोन मारल्या, त्यामुळे त्यांना नेमकं काय हवं होतं ते नक्की सांगता आलं नसतं.

निघताना थेल्माने शनिवारचं सांगून टाकलं. कागद, यादी, तो शब्द. उनाबाईंनी सगळं ऐकलं. "त्या माणसाचं म्हणणं खरंच आहे," त्या म्हणाल्या. "चहा किती वाजता देतात तिथे?"

शनिवारी चर्चमागच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं होती, बहुतेक पुरुष, बहुतेकांच्या काखेत गुंडाळ्या. थेल्मा स्लाइटच्या चार प्रती आणि आपली एक घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. स्लाइट उभा राहिला, कागद उलगडला, घसा साफ केला, आणि दार उघडलं. उनाबाई चाकाची खुर्ची ढकलत आत आल्या. उंबऱ्याशी खुर्ची अडली तशी शेवटच्या रांगेतले दोघे उठून धावले.

"चालू द्या," उनाबाई म्हणाल्या. "आमचंच चाललंय ना?"

स्लाइटचे कान पेटले. "मिसेस कटफर्थ, हे... आम्ही फक्त..."

"दोनशे एकेचाळीसपासून पुढच्या सगळ्या सह्या माझ्या आहेत. याला झटका आला म्हणून. यात त्याचा दोष नाही, माझा आहे. मी खोडरबर आणलंय." त्यांनी खरंच कोटाच्या खिशातून खोडरबर काढलं, पांढरं, नवं. "ज्यांना नको असेल त्यांनी प्रत पुढे आणा. मी पुसून देते. पेन्सिल आहे, डाग राहणार नाही. नाव यादीतून काढायचं तर माझ्यामुळे काढू नका. पहिल्या दोनशे चाळीस त्याच्याच आहेत."

गुंडाळ्या काखेतच राहिल्या. थेल्माला उठायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं, पण उनाबाईंच्या पिशवीतून एक निळी जाडजूड वही डोकावत होती आणि स्लाइटची नजर त्या वहीवर खिळली होती. मांजराची नजर पाखरावर खिळावी तशी.

"ही उड्डाणाची नोंदवही आहे का?" तो म्हणाला.

"माझी."

"तुमची?"

"आधी टेलिफोन विचारा," उनाबाई म्हणाल्या, "म्हणजे लवकर आटपेल."

स्लाइटने वही घेतली. उभ्या उभ्याच पानं उलटू लागला. विमानाचे क्रमांक, तारखा, कुठून कुठे. त्याचे ओठ क्रमांकांबरोबर हलत होते. हळूहळू माणसं त्याच्या मागे गोळा झाली. "हे तर इथल्याच बॉस्टनजवळ पडलेलं." "नाही, ते आठने संपतं, हे तीनने." "थांबा हो, उजेड अडवू नका." पाच-सात मिनिटं कोणाला कटफर्थची आठवण नव्हती. मग स्लाइटने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर थेल्माने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. भूकच म्हणायची ती.

"दोनशे एकेचाळीस," तो म्हणाला. "त्यावर सी त्यांचा आहे? आणि पुढचं सगळं तुमचं?"

"हो. टाकून द्यायला मन होईना. पुरं केलं."

"मग ती प्रत आहे कुठे?"

"गाडीतून गेली. कोणाच्या तरी भिंतीवर असेल."

हॉलभर कुजबुज झाली. एकाच सहीत दोन हात, नवराबायकोचे, दोघंही वैमानिक. अशी प्रत जगात एकच असणार आणि तिच्या मालकाला त्याचा पत्ताही नसणार. स्लाइटने हातातला कागद, ज्याच्यापायी तो चार दिवस झोपला नव्हता, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली : दोनशे एकेचाळीस, कोणाकडे, कुठल्या दुकानातून, विचारणे.

"आणि ते वाचायचं होतं ते?" मागून कोणीतरी म्हणालं.

"कुठलं?" स्लाइट म्हणाला. मग त्याने कागदाकडे बघितलं, आणि उनाबाईंकडे. "नाव यादीत राहील," तो म्हणाला. "दोनशे एकेचाळीसपासून पुढे शेरा लागेल. खरं काय ते लिहू, त्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही. ते खोडरबर आत ठेवा बघू, मला बघवत नाही."

थेल्माने आपली प्रत टेबलावर पसरली. "मला पुसूनही नको आणि शेराही नको," ती म्हणाली. "मला तुमची सही हवी. तुमच्या नावाची. त्याच्या शेजारी."

"कटफर्थ पुन्हा?"

"ज्या नावाने उडवलंत ते."

उनाबाईंनी थेल्माच्या हातून पेन्सिल घेतली. डाव्या हाताने सवयीने सी काढायला निघाल्या आणि थांबल्या. पन्नास वर्षांत ते माहेरचं नाव लिहायची वेळ आली नव्हती. मग सावकाश, शाळकरी मुलीसारखं, त्यांनी लिहिलं : उना मॉवर. त्यात टी नव्हता, एफ नव्हता, आडवी कापायची एकही रेघ नव्हती. तळहाताची कड अक्षरांवरून घासत गेली आणि फिकट राखाडी छटा उमटली. थेल्माने ती फुंकर मारून उडवली नाही.

ऑब्रींनी पाटावर टिचकी मारली. एकच.

"आता काय चुकलं?" उनाबाई म्हणाल्या. "यात तुझं काहीच नाही."

ऑब्रींनी डावा हात लांब केला. बोट कागदावर आलं, स्लाइटने श्वास रोखला, पण बोट समासाला न टेकता वरच थांबलं. कटफर्थ या नावाखाली बारीक अक्षरांत हुद्दा होता, जसा प्रत्येक वैमानिकाच्या सहीखाली असतो. बोट तिथून सरकलं आणि उना मॉवरच्या खालच्या कोऱ्या जागेवर येऊन थांबलं.

"अरे देवा," उनाबाई म्हणाल्या. "राहिलंच की ते." त्यांनी पेन्सिलीचं टोक तपासलं आणि खाली लिहिलं : फर्स्ट ऑफिसर.

ऑब्रींनी दोनदा टिचकी मारली.

स्लाइट आपल्या दोन प्रती आणि सभासदांच्या दोन, चारही घेऊन रांगेत पहिला उभा होता. त्यातल्या दोन तर एकट्या ऑब्रींच्या सहीच्या होत्या, त्यांना शेजारची सही कशाला हवी, असं थेल्माने त्याला विचारलं. "समास मोकळा आहे ना," तो म्हणाला.